शिअर दिल्यावर ब्लेंड एकजीव होते की फाटते?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काय समजलो ते तुम्हालाही कळेल. तुमच्याकडे पीएमएमए (ॲक्रिलिक) आणि सॅन (स्टायरीन-ॲक्रिलोनायट्राइल) या दोन प्लास्टिकचे समसमान ब्लेंड, म्हणजे मिश्रण, आहे. काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये स्थिर ठेवून सावकाश तापवले की ते १८५ अंश सेल्सिअसला गढूळ होते. तेच ब्लेंड क्वार्ट्झच्या गोल प्लेटा असलेल्या रिओमीटरवर (प्रवाहाचे गुण मोजणाऱ्या यंत्रावर) फिरते ठेवले, तर १९२ अंशांनाही कडेचा भाग स्वच्छ राहतो. पण १७८ अंशांवर ठेवलेल्या कॅपिलरी डायमधून, म्हणजे बारीक नळीतून, जोरात काढले की बाहेर येणारी दोरी दुधाळ दिसते. म्हणजे एका ठिकाणी शिअरने (थर एकमेकांवरून सरकत वाहण्याने) ब्लेंड एकजीव झाले आणि दुसऱ्या ठिकाणी शिअरनेच फाटले, म्हणजे त्यातले घटक वेगळे झाले. वाचलेल्या शोधनिबंधांतही काही एक बाजू घेतात, काही दुसरी. मग खरे काय?

दोन्ही खरे असू शकते, आणि हे मी पळवाट काढण्यासाठी म्हणत नाही. मात्र तुमच्या दोन निरीक्षणांना मी सारखे वजन देणार नाही. पहिल्यावर माझा बराच विश्वास बसतो. दुसऱ्याबद्दल शंका आहे, आणि ती का आहे हेच या उत्तराचे मुख्य काम.

आधी एक गुंता सोडवू. ‘शिअरमुळे मिसळले’ या एका वाक्यात लोक दोन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबतात. एक म्हणजे थेंब फुटून बारीक होणे. फेज, म्हणजे वेगळी घडण असलेले भाग, दोनच राहतात, फक्त त्यांचा आकार उजेडाच्या तरंगलांबीपेक्षा इतका लहान होतो की डोळ्याला पारदर्शक वाटते. दुसरी म्हणजे खरोखरच एक फेज होणे, साखळ्या साखळ्यांत मिसळणे. पहिले यांत्रिक काम आहे, दुसऱ्यात फेजची सीमाच (मिसळणे की फाटणे हे ठरवणारे तापमान) सरकते. वडाची साल पिंपळाला लावण्याचा प्रकार या विषयात सर्वात जास्त इथेच होतो. ‘शिअरमुळे फाटले’ यातही असेच दोन प्रकार आहेत, शिवाय तिसरा एक भामटा आहे: उष्णता. त्याच्याकडे नंतर येतो.

थेंब फुटण्याचा हिशेब जुना आणि भरवशाचा आहे. जी. आय. टेलर यांनी १९३२ आणि १९३४ साली तो मांडला. प्रवाह थेंबाला ओढतो आणि आंतरपृष्ठीय ताण (दोन द्रवांच्या सीमेवरचा ताण) त्याला गोल ठेवू पाहतो. या दोघांच्या गुणोत्तराला कॅपिलरी अंक म्हणतात: भोवतालच्या द्रवाची व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) गुणिले शिअर रेट (थर सरकण्याचा दर) गुणिले थेंबाची त्रिज्या, भागिले आंतरपृष्ठीय ताण. दोन फेजची व्हिस्कॉसिटी जवळपास सारखी असेल, तर हा अंक साधारण अर्ध्याच्या आसपास गेला की थेंब फुटतो. आता आकडे घालून पाहा. व्हिस्कॉसिटी १,००० पास्कल-सेकंद, शिअर रेट सेकंदाला १, आंतरपृष्ठीय ताण मीटरला ५ मिलीन्यूटन (नेहमीच्या न मिसळणाऱ्या जोड्यांत तो साधारण १ ते १० असतो) असे धरले, तर त्रिज्या येते अडीच मायक्रॉन. शिअर रेट १०० केला की २५ नॅनोमीटर. प्रत्यक्षात इतके बारीक थेंब क्वचित मिळतात, कारण फुटलेले थेंब एकमेकांवर आदळून पुन्हा जुळतात. पण दिशा कळली.

हेच गणित तुमच्या ब्लेंडला लावले की गंमत होते. तुमची जोडी फेजच्या सीमेपासून फक्त काही अंश आत आहे. सीमेजवळ दोन फेजच्या घटकांत फरकच थोडा असतो, त्यामुळे आंतरपृष्ठीय ताण शंभरपट किंवा त्याहूनही खाली जातो. तो ०.०५ मिलीन्यूटन धरा आणि शिअर स्ट्रेस (व्हिस्कॉसिटी गुणिले शिअर रेट) १०,००० पास्कल. त्रिज्या आली अडीच नॅनोमीटर! आता १,००,००० आण्विक वजनाच्या पॉलिस्टायरीनच्या एका गुंडाळलेल्या साखळीची त्रिज्याच सुमारे ९ नॅनोमीटर असते. साखळीपेक्षा लहान थेंब ही कल्पनाच निरर्थक आहे. गणित आपल्याला सांगते आहे की इथे ‘थेंब’ हा शब्द सोडून द्या. सीमेपासून दूर असाल तर शिअर फक्त बारीक करते. सीमेजवळ असाल तर बारीक करता करता एक वेळ अशी येते की बारीक करायला काही उरतच नाही, आणि दोन फेजची एक होते. दोन वेगळ्या वाटणाऱ्या घटनांमधला पूल मला इथे दिसतो.

हा पूल ओलांडताना काय दिसते, हे क्योटो विद्यापीठात ताकेजी हाशिमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून पुढे फार सुंदर दाखवले आहे. पॉलिस्टायरीन आणि पॉलिब्युटाडाईन दोन्ही एका द्रावकात घेऊन त्यांनी प्रवाहातून लेझर सोडला. शिअर वाढवत नेले की थेंब आधी लांबट होतात, मग एकमेकांना जोडले जाऊन प्रवाहाच्या दिशेने लांबच लांब धागे बनतात. पडद्यावर तेव्हा प्रवाहाला आडवी अशी एक तेजस्वी रेघ उमटते. शिअर आणखी वाढवले की धागे बारीक होत जातात आणि शेवटी रेघ विझते. ती विझताना एकदा प्रत्यक्ष बघा. निबंधातल्या दहा आलेखांनी जे पटत नाही ते तेवढ्या दहा सेकंदांत पटते.

आता प्रश्न येतो की फेजची सीमा खरोखर सरकवण्याइतकी ताकद प्रवाहात असते का? साध्या द्रवांत जवळजवळ नसतेच. पॉलिमरमध्ये असते, आणि त्याचे कारण फ्लोरी आणि हगिन्स यांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलेल्या सिद्धांतातच आहे. साखळ्या लांब असल्यामुळे मिसळण्यातून मिळणारी एंट्रॉपी (विस्कळीतपणा) अगदी तुटपुंजी असते. ती मोनोमरमागे मोजायची नसते, अख्ख्या साखळीमागे मोजायची असते. १,००,००० आण्विक वजनाच्या मेल्टमध्ये (वितळलेल्या पॉलिमरमध्ये) दर घनमीटरला अशी औष्णिक ऊर्जा १९० अंशांजवळ सुमारे ४०,००० ज्यूल भरते. ज्यूल प्रति घनमीटर आणि पास्कल हे एकच एकक आहे, हे लक्षात घ्या. तुमच्या रिओमीटरमधला शिअर स्ट्रेस किती असतो? काही दहा हजार पास्कल. म्हणजे ताणलेल्या साखळ्यांत साठलेली लवचीक ऊर्जा आणि मिसळण्या-न-मिसळण्याचा फैसला करणारी ऊर्जा एकाच पंगतीत बसतात. आण्विक वजन १०० असलेल्या साध्या द्रवात हीच औष्णिक ऊर्जा हजारपट असते, तिथे इतका स्ट्रेस म्हणजे हत्तीपुढे मुंगी.

हा ढोबळ हिशेब आहे, सिद्धांत नव्हे. पण यातून एक उपयोगी गोष्ट निघते: तुलना करायची ती शिअर रेटची नव्हे, शिअर स्ट्रेसची. तुमच्याच जोडीवर, पीएमएमए आणि सॅनवर, लिंगो-यॉर्गेनसेन आणि सोंडरगार्ड यांनी १९८७ साली काम केले. त्यांनीही ब्लेंड एकजीव होण्याची अट एका ठरावीक शिअर स्ट्रेसच्या भाषेतच मांडली होती. तेव्हा तुमच्या टिपणांत ‘सेकंदाला १५’ असे लिहिलेत तिथे शेजारी पास्कलही लिहीत चला. वेगळ्या आण्विक वजनाच्या ग्रेडशी तुलना करताना नाहीतर हाती काही लागणार नाही.

सीमा किती सरकते? थोडी. १९५२ साली सिल्बरबर्ग आणि कुन यांनी पॉलिस्टायरीन आणि इथाइल सेल्युलोज बेंझिनमध्ये घेऊन हा परिणाम दाखवला, तेव्हा सरक १३ अंशांपर्यंत होती. पॉलिस्टायरीन आणि पॉलिव्हिनाइल मिथाइल इथर या प्रयोगशाळेच्या लाडक्या जोडीवर मॅझिच आणि कार यांनी १९८३ साली जास्तीत जास्त ७ अंश मोजले. तुमचे ७ अंश या घराण्यात बसतात. कोणी ४० अंशांची सरक सांगू लागला, तर मी आधी त्याचा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) कुठे बसवला आहे ते विचारीन.

आता उलट बाजू. शिअरने खरेच फाटते का? हो.  डायऑक्टिल थॅलेटमध्ये विरघळवलेले पॉलिस्टायरीन स्थिर असताना स्वच्छ असते, फिरवले की गढूळ होते, थांबवले की पुन्हा स्वच्छ. १९८९ साली ओनुकी यांनी, आणि स्वतंत्रपणे हेल्फंड आणि फ्रेडरिक्सन यांनी, याचे कारण सांगितले. द्रावणात घनतेचे बारीक चढउतार नेहमीच असतात. जिथे पॉलिमर थोडा जास्त, तिथे गुंतागुंत जास्त आणि प्रवाहातला ताणही जास्त. ताणलेल्या साखळ्या आखडू बघतात आणि आखडताना द्रावक बाहेर ढकलतात. ओले कापड पिळल्यावर पाणी निघते, तसे. एरवी दाट भागातून पॉलिमर विरळ भागाकडे पसरला असता. इथे उलटे होते: दाट भाग आणखी दाट होत जातो.

या यंत्रणेची एक अट मात्र आहे, आणि ती बरेच जण विसरतात. दोन घटकांच्या हालचालींच्या वेगात मोठी तफावत हवी. द्रावक आणि पॉलिमर यांत ती अमाप असते. पॉलिस्टायरीनचे काच-संक्रमण तापमान (ज्याखाली ते काचेसारखे कडक होते) १०० अंशांच्या जवळ आणि पॉलिव्हिनाइल मिथाइल इथरचे शून्याच्या खाली ३० च्या आसपास, तिथेही ती पुष्कळ असते. तुमच्या जोडीत? पीएमएमए आणि सॅन दोघेही १०० ते ११५ च्या पट्ट्यात. तफावत अगदीच नाही असे नाही, कारण आण्विक वजने वेगळी असली तर विश्रांतीकाळही (साखळ्यांचा ताण उतरायला लागणारा वेळ) वेगळे पडतात. पीएमएमए-सॅनवरही कमी शिअरला फाटणे आणि जास्त शिअरला मिसळणे, असे दोन्ही पाहिल्याचे प्रयोग प्रसिद्ध झालेले आहेत. त्यामुळे अशक्य म्हणणार नाही. पण तुमच्या कॅपिलरीत शिअर जास्त आहे, कमी नव्हे. त्या प्रयोगांचा कौलही तुमच्या दुधाळ दोरीच्या बाजूने पडत नाही.

आता त्या भामट्याकडे वळू. ही हकीकत सांगताना मला आजही थोडे ओशाळायला होते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका प्रयोगशाळेत असताना मी तापवल्यावर फाटणाऱ्या एका ब्लेंडवर शिअरने फाटण्याचा परिणाम ‘शोधला’ होता. तीन आठवड्यांची मोजणी, शिअर रेट वाढवला की क्लाऊड पॉइंट (गढूळ होण्याचे तापमान) खाली येतो असा सुबक उतरता आलेख, भिंतीवर लावायचे पोस्टर अर्धे तयार. एका सहकारीबाईंनी चहाच्या वेळी फक्त एवढेच विचारले, “प्लेटांमधली गॅप किती ठेवलीस?” एक मिलिमीटर. “अर्धी कर, शिअर रेट तोच ठेव, आणि बघ.” मी गॅप अर्धी केली. परिणाम पावपट झाला. एका दुपारीत पोस्टर संपले.

का पावपट? व्हिस्कॉसिटी गुणिले शिअर रेटचा वर्ग म्हणजे दर घनमीटरला निर्माण होणारी उष्णता. १,००० पास्कल-सेकंद आणि सेकंदाला १०० घेतले तर ती १ कोटी वॅट होते. ही उष्णता बाहेर जाऊ शकली नाही, तर मेल्ट सेकंदाला सुमारे ५ अंशांनी तापत जाते. दोन्ही प्लेटा नेमून दिलेल्या तापमानाला राहिल्या तरी एक मिलिमीटरच्या गॅपमध्ये मधला थर प्लेटांपेक्षा सुमारे ६ अंश गरम असतो. हा फरक गॅपच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. गॅप अर्धी, फरक पाव. थर्मोकपल प्लेटमध्ये बसवलेला असतो. तो बिचारा प्लेटचे तापमान अगदी प्रामाणिकपणे सांगत राहतो.

आता तुमची जोडी तापवल्यावर फाटणारी आहे, म्हणजे खालच्या क्रांतिक तापमानाची. तिथे ही उष्णता कोणाच्या बाजूने साक्ष देते ते बघा. घर्षणाची उष्णता तुमच्या ब्लेंडला फाटण्याकडेच ढकलणार. म्हणून तापवल्यावर फाटणाऱ्या जोडीत शिअरखाली स्वच्छ दिसले, तर उष्णतेला त्याचे श्रेय देताच येत नाही, ती विरुद्ध दिशेला ओढत असूनही स्वच्छ राहिले. आणि शिअरखाली गढूळ दिसले, तर पहिला संशयित उष्णताच. थंड केल्यावर फाटणाऱ्या जोडीत हे सगळे उलटे होते. कोणाचाही निबंध वाचताना जोडी कोणत्या प्रकारची आहे हे आधी पाहा. अर्धे मतभेद तिथेच मिटतात.

रिओमीटरवरचे तुमचे निरीक्षण मला का पटते, ते आता उघड आहे. गोल समांतर प्लेटांमध्ये शिअर रेट मध्यभागी शून्य असतो आणि कडेकडे सरळ वाढत जातो. तुम्हाला मधोमध पांढरा ठिपका आणि भोवती स्वच्छ कडे दिसले असणार. तुम्ही फक्त कड स्वच्छ असे लिहिले आहे, पण मधला भाग तसाच पांढरा होता ना, एवढे खात्री करून सांगा. ठिपक्याची त्रिज्या पट्टीने मोजा. कोनीय वेग गुणिले त्रिज्या भागिले गॅप, की मिळाला तुमचा निर्णायक शिअर रेट. वेग सेकंदाला १ रेडियन, त्रिज्या ८ मिलिमीटर, गॅप अर्धा मिलिमीटर असेल तर तो येतो सेकंदाला १६. एका नमुन्यात सगळे शिअर रेट एकदमच तपासून होतात, म्हणून मला या चाचणीसाठी शंकू-प्लेटपेक्षा समांतर प्लेटच आवडतात. वेग दुप्पट केल्यावर ठिपका अर्ध्या त्रिज्येचा झाला पाहिजे. झाला नाही, तर काहीतरी वेगळेच चालले आहे.

एक सावधगिरी. इतक्या घट्ट मेल्टला इतक्या वेगाने फिरवले की कडेला मेल्ट तुटते आणि आत चीर शिरते. कडेचा भाग स्वच्छ आहे की तिथे मालच उरलेला नाही, हे बाजूने टॉर्च मारून बघा. टॉर्क हळूहळू घसरत असेल तर चीर पडलीच समजा.

पण ते स्वच्छ कडे खरी एक फेज आहे की अतिबारीक थेंबांची दोन फेज? डोळ्याने सांगता येणार नाही. पीएमएमएचा अपवर्तनांक १.४९ आणि सॅनचा सुमारे १.५७. फरक बऱ्यापैकी आहे, तरी २०-३० नॅनोमीटरचे थेंब अर्ध्या मिलिमीटरच्या थरात जवळपास दिसणारच नाहीत. डीएससी (तापवताना शोषली जाणारी उष्णता मोजणारी चाचणी) करून एक काच-संक्रमण की दोन हे बघण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. या जोडीत तो कुचकामी. दोघांची तापमाने इतकी शेजारी आहेत की पूर्ण फाटलेल्या ब्लेंडचाही एकच रुंद टप्पा दिसतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे तर रुथेनियम टेट्रॉक्साइडने सॅनमधले स्टायरीन रंगते, पीएमएमए रंगत नाही, त्यामुळे दोन्ही वेगळे ओळखू येतात. पण पीएमएमए इलेक्ट्रॉनांच्या झोतात झिजत जातो, आणि नमुना शिअर चालू असतानाच गोठवावा लागतो. ते जमणे कठीण.

मी करतो ती युक्ती सोपी आहे: शिअर अचानक थांबवायचा आणि लेझरच्या पडद्यावर पुढे काय घडते ते बघायचे. ब्लेंड खरोखर एक फेज झाले असेल, तर थांबवल्यावर ते १९२ अंशांना अस्थिर असते आणि नव्याने फाटायला लागते. हे फाटणे सगळीकडे एकाच वेळी, एका ठरावीक अंतराच्या जाळीने सुरू होते. पडद्यावर मंद कडे उगवते, उजळत जाते आणि मग आतल्या बाजूला आकसते. बारीक थेंबच असतील तर कडे उगवत नाही. लेझरच्या ठिपक्याभोवतीचा उजेड नुसता सावकाश वाढत जातो, कारण थेंब एकमेकांना गिळत मोठे होतात. पहिले एक-दोन सेकंद चित्र प्रवाहाच्या दिशेने तिरके असते, त्याच्याकडे दुर्लक्ष करा. लेझर पॉइंटर, पांढरा कागद आणि मोबाइलचा कॅमेरा एवढ्यावर हे भागते. मी महागड्या डिटेक्टरवरही केले आहे, निष्कर्ष तोच निघाला.

इथवरचे एका दमात सांगायचे तर: रिओमीटरवरची स्वच्छता उष्णतेने आलेली नाही. ७ अंशांची सरक शक्यतेच्या चौकटीत आहे. ती सीमेची सरक आहे की नुसते बारीक होणे, हे शिअर थांबवून ठरवायचे.

आता कॅपिलरी. तुम्ही दाब लिहिलेला नाही, आणि मला नेमका तोच हवा होता. डायमध्ये जेवढा दाब घटतो त्याची जवळजवळ सगळी उष्णता होते. साधारण प्रत्येक १०० बारमागे मेल्ट सरासरी ५ अंशांनी तापते, अर्थात डायच्या भिंतीतून काही बाहेर जाते ते वजा. दाब १५० बार धरला तर साडेसात अंश. १७८ अधिक साडेसात म्हणजे १८५.५, आणि तुमचा स्थिर क्लाऊड पॉइंट १८५! शिवाय ही सरासरी आहे. शिअर भिंतीजवळ एकवटलेला असतो, त्यामुळे भिंतीलगतच्या थरात आकडा याहून चढा असू शकतो. तुम्ही १७८ म्हणता ते डायच्या लोखंडाचे तापमान.

त्यात आणखी दोन गोष्टी मिसळतात. अशा जोड्यांत दाब वाढला की बहुधा क्लाऊड पॉइंटही चढतो, म्हणजे डायच्या आत ब्लेंडला थोडे संरक्षण असते. तोंडाशी येताच दाब वातावरणाइतका होतो आणि ते संरक्षण संपते. त्याच क्षणी शिअरही थांबतो, म्हणजे शिअरने काही मिसळले असेल तर तोही आधार जातो. आणि दोरी लगेच थंड होत नाही. तीन मिलिमीटर जाडीच्या दोरीचा गाभा हवेत गोठायला चांगलाच वेळ लागतो, कारण पॉलिमरमधून उष्णता सरकण्याचा वेग फारच कमी आहे. तेवढ्या वेळात १८५ च्या वर असलेला गाभा आरामात फाटू शकतो. म्हणजे दुधाळपणा डायमध्ये शिअरने आलाच नसेल, डायबाहेर शिअर नसल्याने आला असेल.

तपासायचे कसे? डायच्या तोंडाखाली लगेच बर्फाच्या पाण्याचे भांडे ठेवा आणि दोरी त्यात पडू द्या. गोठलेल्या दोरीचा पातळ काप घेऊन भिंगाखाली बघा. फक्त कातडीखालचे कडे पांढरे असेल तर भिंतीजवळची उष्णता. हवेत थंड केलेल्या दोरीचा गाभा पांढरा आणि पाण्यात पडलेल्या दोरीचा स्वच्छ, असे निघाले तर डायबाहेरचे फाटणे. दोन्हीकडे सगळा काप सारखाच पांढरा असेल, तर मग शिअरने फाटण्याच्या शक्यतेचा मी गंभीरपणे विचार करेन. तेव्हाही तोच शिअर स्ट्रेस ठेवून अर्ध्या व्यासाच्या डायमधून, डायचे तापमान १० अंश खाली आणून पुन्हा करा. तापमान खाली आणल्यावर दुधाळपणा जात असेल तर खेळ तापमानाचा आहे.

अजून दोन गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. एक, काचेच्या पट्ट्यांमधला नमुना तुम्ही द्रावणातून ओतून बनवला होता की मेल्टमध्ये मिसळून? ओतलेल्या फिल्ममध्ये द्रावक उरला असेल तर क्लाऊड पॉइंट खराच नसतो. निर्वात भट्टीत काच-संक्रमणाच्या वर दिवसभर ठेवल्याशिवाय मी अशा फिल्मवर विश्वास ठेवत नाही. दुसरे म्हणजे तापवण्याचा वेग. मिनिटाला ५ अंशांनी तापवले की ब्लेंड फाटायला वेळच मिळत नाही आणि क्लाऊड पॉइंट उगाच वर दिसतो. मिनिटाला २, १ आणि अर्धा अंश अशा तीन वेगांनी करून शून्य वेगापर्यंत रेघ लांबवा. कदाचित तुमचा १८५ खरा १८१ निघेल, आणि मग कॅपिलरीचे कोडे आणखी सोपे होईल. आणि एकदा जोरात शिअर दिलेला नमुना पुन्हा स्थिर मोजून पाहा. साखळ्या तुटल्या असतील तर आण्विक वजन घटते आणि ब्लेंड आपोआप जास्त मिसळणारे बनते. क्लाऊड पॉइंट १८५ वर परत येत नसेल तर तुम्ही शिअरचा नव्हे, नासलेल्या मालाचा अभ्यास करत आहात.

यंत्रावर याचा उपयोग काय, असेही तुम्ही शेवटी विचारले आहे. थोडाच, पण आहे. शिअरने मिळवलेली एक फेज उधारीची असते, प्रवाह थांबला की परत मागितली जाते. ती टिकवायची असेल तर फाटण्याचा वेग आणि गोठण्याचा वेग यांची शर्यत जिंकावी लागते. इंजेक्शन मोल्डिंगमध्ये साच्याच्या भिंतीला टेकणारा थर ही शर्यत जिंकतो, गाभा हरतो. म्हणून एकाच वस्तूची कातडी स्वच्छ आणि गाभा पांढरट असे तुकडे हातात येतात. जाड वस्तू बनवायची असेल तर शिअरच्या भरवशावर राहू नका. सॅनमधले ॲक्रिलोनायट्राइलचे प्रमाण बदलून किंवा कमी आण्विक वजनाची ग्रेड घेऊन सीमाच वर ढकला. आणि तुमची जोडी सीमेपासून खोल आत असेल, खरीखुरी न मिसळणारी, तर हे सगळे विसरून टेलरच्या हिशेबाकडे परत जा. तिथे दोन व्हिस्कॉसिटींचे गुणोत्तर बघा. थेंबाची व्हिस्कॉसिटी भोवतालच्या चौपट झाली की साध्या शिअरमध्ये तो कितीही घुमवला तरी फुटत नाही, नुसता गरगरत राहतो. ग्रेस यांच्या १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत ही मर्यादा स्पष्ट दिसते. तिथे स्क्रूचा वेग वाढवून फक्त उष्णता वाढते. ताणणारा प्रवाह, म्हणजे अरुंद होत जाणारी वाट, तेवढी कामी येते.

आणि हे सगळे करण्याआधी पाच मिनिटांचे एक काम करा. त्या दुधाळ दोरीचा तुकडा घ्या आणि त्यावर १.५३ च्या आसपास अपवर्तनांक असलेल्या तेलाचा थेंब सोडा. सूक्ष्मदर्शकाच्या ऑइल इमर्शनचे तेलही चालेल. वेगाने काढलेल्या दोरीचा पृष्ठभाग अनेकदा शार्कच्या कातडीसारखा खरखरीत होतो आणि नुसत्या त्या खरखरीतपणानेही ती दुधाळ दिसते. तेल पडल्यावर तिथे खिडकी उघडल्यासारखे आरपार दिसू लागले, तर तुमच्या कॅपिलरीत फेज फाटलीच नव्हती. काय दिसते ते कळवा, आणि दाबाचा आकडाही.